इंदुरात मार्केटिंग करणाऱ्यांची शिदोरी: साधनं, आकडे आणि खाचाखोचा

मालवा_मीटर

दुकान, क्लास, क्लिनिक, नमकीनचा ब्रँड, बिल्डरचं ऑफिस, इंदुरात बसून यांपैकी कशाचं तरी मार्केटिंग सांभाळणारे इथे बरेच आहेत. हा धागा त्यांच्यासाठी. अट एकच: "कंटेंट दमदार हवा" छापाचे सल्ले नकोत. कुठलं सेटिंग, किती आकडा, कुठे फसतं, तेवढं लिहा. पैसे भरून घ्यायची टूल्स शेवटी. फुकटातलीच बहुतेकांनी पुरती उघडून पाहिलेली नसतात.

सुरुवात मी करतो.

मेटा ॲड लायब्ररी. देश भारत, प्रकार 'सर्व जाहिराती', मग स्पर्धकाच्या पानाचं नाव. आपल्याकडे व्यापारी जाहिराती चालू असेपर्यंतच दिसतात, बंद झाली की गायब. म्हणून दर सोमवारी स्क्रीनशॉट घेऊन तारखेच्या फोल्डरात टाका. खर्च दिसत नाही, पण सुरू झाल्याची तारीख दिसते. एकच जाहिरात दोन-तीन महिने अखंड चालू असेल तर ती बहुधा पैसे मिळवून देते आहे. (किंवा तिकडे कोणी खातं उघडून बघतच नाही, हीसुद्धा शक्यता असते.) गूगलचं याच धर्तीचं पान म्हणजे ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर. तिथे वेबसाइटचा पत्ता टाकला की सर्च आणि यूट्यूबच्या जाहिराती समोर येतात.

गूगल ट्रेंड्स. ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नाही, त्या काळातल्या शिखराशी केलेली तुलना आहे. प्रदेश मध्य प्रदेश ठेवा. एका वेळी अनेक शब्द घालता येतात. 'नमकीन' देवनागरीत आणि रोमन लिपीत वेगवेगळं टाका, दोन्हींचे आलेख एकसारखे नसतात. शब्द सुचवायला कीवर्ड प्लॅनर चांगला आहे, पण खात्यात खर्च नसेल तर तो '१०० ते १ हजार' असे ऐसपैस पट्टे दाखवतो. त्यावर बजेट ठरवू नका.

गूगल ॲनालिटिक्स ४ (वेबसाइटवर कोण, कुठून आलं ते मोजणारं साधन). हे आजच करा: ॲडमिनमध्ये डेटा रिटेन्शन मुळात २ महिन्यांवर असतं, ते १४ महिन्यांवर न्या. मागचा गेलेला डेटा परत येत नाही. गेल्या दिवाळीचं एक्स्प्लोरेशन (हवा तसा जुळवलेला अहवाल) उघडून रिकामं पान बघायची वेळ येते ती याच एका सेटिंगमुळे.

यूटीएम, म्हणजे गिऱ्हाईक कुठून आलं ते कळावं म्हणून लिंकला जोडायच्या खुणा. सोर्स, मीडियम, कॅम्पेन हे तिन्ही रोमन लिपीतल्या लहान अक्षरांतच लिहा. एकाने पहिलं अक्षर मोठं आणि दुसऱ्याने लहान केलं की अहवालात दोन वेगळ्या ओळी पडतात. मोकळी जागा नको, जोडरेघ वापरा. नावांची एक शीट करा आणि सगळ्यांनी तिथूनच कॉपी करायचं असा दंडक ठेवा. वेबसाइटच्या आतल्या बटणांना यूटीएम लावू नका, गिऱ्हाईक मुळात आलं कुठून हेच पुसलं जातं.

रामबागकर

छान धागा, वाचनखूण साठवली. गूगल बिझनेस प्रोफाइल राहिलं. लोकल दुकानाला यापेक्षा मोठं फुकट साधन नाही.

नावात फक्त पाटीवरचं नाव. 'अमुक साडी सेंटर बेस्ट साडी शॉप इन इंदौर राजवाडा' असं लांबवलं तर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं, आणि ते सोडवायला बिलं, पाटीचे फोटो, परवाने मागतात. मुख्य कॅटेगरी एकच आणि नेमकी निवडा, तिचाच प्रभाव सगळ्यांत जास्त पडतो. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे.

व्हिडिओ व्हेरिफिकेशन फेल होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चित्रण दुकानाच्या आतून सुरू होतं. रस्त्यावरून सुरू करा: शेजारची ओळखीची खूण, पाटी, शटर उघडणं, काउंटर, बिल मशीन, सगळं एका सलग चित्रणात. सराफ्यातली किंवा सीतलामाता बाजारातली गल्लीतली दुकानं असतील तर पिन हाताने सरकवून तपासा. एका गल्लीचा फरक पडला की गिऱ्हाईक मागच्या बाजूला जाऊन उभं राहतं.

विशेष वेळा भरा. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघते आणि अनंत चतुर्दशीला झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), तेव्हा राजवाड्याच्या आसपासची वाहतूक वेगळीच असते. दुकान बंद आणि नकाशावर 'उघडं' दिसलं की एक तारा ठरलेला.

रिव्ह्यूच्या बदल्यात दहा टक्के सूट देणं गूगलच्या धोरणात बसत नाही. आधी "खूश आहात का?" विचारून फक्त खूश माणसाला लिंक देणंही नाही. काउंटरवर रिव्ह्यूचा क्यूआर ठेवा आणि बिल करणाऱ्या माणसालाच विचारायला सांगा, मालकाला नको. मालकाने विचारलं की माणूस "हो हो" म्हणतो आणि घरी जाऊन विसरतो.

नवीन_सदस्य_७

भिया, एक बाळबोध प्रश्न. इन्स्टाग्रामवर रोज ३०० रुपयांचं बूस्ट लावलं तर चालेल का? घरगुती नमकीन विकायचं आहे, वेबसाइट आहे.

मालवा_मीटर

@नवीन_सदस्य_७ बूस्टचं बटण सोडा, ॲड्स मॅनेजरमधून करा. बूस्टला लाइक आणि मेसेज सहज मिळतात, ऑर्डरवर तितकी पकड नसते.

३०० रुपयांचं गणित असं. मेटाचं यंत्र एका ॲड सेटला (एकाच प्रेक्षकवर्गासाठीचा जाहिरातींचा गट) आठवड्यात साधारण ५० 'घटना' मिळाल्या की स्थिरावतं. तुम्ही 'खरेदी' ही घटना निवडली आणि धरा एक खरेदी २५० रुपयांना पडते, तर ५० खरेद्यांना आठवड्याला १२,५०० रुपये लागतील, म्हणजे दिवसाला सुमारे १,७८६. तुम्ही देताय ३००. यंत्र कायम शिकतच राहणार. त्याऐवजी वरच्या पायरीवरची घटना घ्या, जसं 'कार्टमध्ये टाकलं'. ती ४० रुपयांना पडत असेल तर ५० चा खर्च २,०००, दिवसाला २८६. तुमच्या ३०० मध्ये बसलं.

आणि एकच ॲड सेट ठेवा. तीन वयोगट, चार आवडीनिवडी असे तुकडे पाडले की प्रत्येकाच्या वाट्याला चिल्लर येते. चालू जाहिरातीत रोज हात घातला (बजेट मोठ्या फरकाने बदललं, फोटो बदलला) तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून.

लोकेशनबद्दल: पिन टाकून ३-४ किलोमीटरचा घेर देता येतो, पण 'इथे राहणारे' आणि 'नुकते येऊन गेलेले' असे वेगळे पर्याय मेटाने काढून टाकलेत. छप्पनवर (खाऊच्या दुकानांच्या गल्लीत) पोहे खायला आलेला देवासचा माणूसही त्यात येतो. गूगल ॲड्समध्ये मात्र निवड आहे आणि ती डीफॉल्टला चुकीची असते: 'उपस्थिती किंवा रस'. गावातल्या दुकानासाठी फक्त 'उपस्थिती' ठेवा.

नमकीन_हिशेब

वरच्या उत्तरात एक पायरी राहिली: मुळात जाहिरात परवडते का? आधी हे मांडा, मग बटण दाबा. खालचे आकडे उदाहरणादाखल, तुमचे तुम्ही घाला.

एक पाकीट ५०० रुपयांचं, त्यात ५ टक्के जीएसटी आला (नमकीनवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के). कर काढला की हातात ४७६. माल २९०, पॅकिंग २५, कुरियर ७०, पेमेंट गेटवे १२. उरले ७९. ही तुमची एका ऑर्डरमागची जाहिरातीची कमाल मर्यादा. ५०० ला ७९ ने भागा: ६.३. म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे ६.३ रुपयांची विक्री झाली तर फक्त बरोबरी.

आता क्लिक ५ रुपयांना आणि शंभर क्लिकांत २ ऑर्डरी धरा. एक ऑर्डर २५० ला पडली. मर्यादा ७९. प्रत्येक ऑर्डरीमागे १७१ रुपये खिशातून.

फोटो बदलून हे सुटत नाही. ऑर्डर मोठी करावी लागते. तीन पाकिटांचा १,५०० चा डबा: कर काढून १,४२९, माल ८७०, पॅकिंग ५५, कुरियर १३०, गेटवे ३५. उरले ३३९. त्यातून २५० जाहिरातीचे वजा केले तरी ८९ हातात. म्हणून जाहिरातीत एकटं पाकीट दाखवूच नका, डबाच दाखवा.

कुरियरची एक खोच. वजन दोन प्रकारे धरतात, खरं आणि आकारमानाचं, आणि जे जास्त त्याचे पैसे. आकारमानाचं सूत्र बहुतेक ठिकाणी लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटर) भागिले ५,०००. ३० × २५ × २० चा खोका म्हणजे ३ किलो, आत शेव-चिवडा दीडच किलो असला तरी. नमकीन म्हणजे अर्धी हवा. आधी खोका निवडा, मग पाकिटाचा आकार ठरवा. उलटं करून बसलेले लोक कुरियर कंपनीशी भांडत बसतात.

सीओडी ठेवणार असाल तर न स्वीकारता परत येणाऱ्या पार्सलांचा जाण्या-येण्याचा खर्च पोहोचलेल्या ऑर्डरींवर वाटून धरा. शंभरात वीस परत आले, तर त्या वीसांचं ओझं उरलेल्या ऐंशींनी उचलायचं असतं.

आणि वर @मालवा_मीटर यांनी म्हटलेलं 'उपस्थिती' कुरियरवाल्यांना लागू नाही. पुण्या-बंगळूरला गेलेले इंदुरी जीरावन (पोह्यांवरचा मसाला) आणि लवंगी शेव तिथूनच शोधतात. त्यांच्यासाठी तीच शहरं निवडा. निगेटिव्ह कीवर्डांत (ज्या शोधांवर जाहिरात दिसायला नको ते शब्द) 'रेसिपी', 'कैसे बनाएं', 'जॉब', 'होलसेल मशीन' पहिल्याच दिवशी घाला, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत. निगेटिव्हला समानार्थी शब्द कळत नाहीत. मग दर आठवड्याला सर्च टर्म्सचा अहवाल उघडून यादी वाढवत जा.

तिथीवार

माझ्याकडून एकच मुद्दा, पण तो दरवर्षी लाखाचे बारा हजार करतो. गेल्या वर्षीच्या तारखांशी तुलना करू नका, तिथीशी करा.

२०२५ ची दिवाळी २० ऑक्टोबरच्या सुमारास होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला (१७ मे ते १५ जून), त्यामुळे पुढचे सण सरकून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. आता 'ऑक्टोबर २०२६ विरुद्ध ऑक्टोबर २०२५' असा अहवाल काढलात तर विक्री कोसळलेली दिसेल, आणि नोव्हेंबरात उगाच पाठ थोपटून घ्याल. शीटमध्ये तारखेच्या शेजारी 'धनत्रयोदशीला उरलेले दिवस' असा एक रकाना घाला: उणे ३०, उणे २९ असं. त्या रकान्यावर दोन वर्षं एकाखाली एक ठेवा. अधिक महिन्यात लग्नं नसतात, त्यामुळे साडी, दागिने, कॅटरिंग, हॉल यांचं मे-जूनचं बजेट अलीकडे-पलीकडे सरकवा.

दुसरं, खास आपल्या गावचं. इथल्या हिंदी गिऱ्हाइकाचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुक्ल पक्षात महिन्याचं नाव जुळतं, कृष्ण पक्षात नाही. २०२६ चा 'सावन' ३० जुलैला सुरू होऊन राखीला, २८ ऑगस्टला संपतो. आपला श्रावण १३ ऑगस्टला लागतो आणि ११ सप्टेंबरपर्यंत जातो. उपवासाच्या पदार्थांची हिंदी जाहिरात आपल्या श्रावणाच्या मुहूर्तावर सोडली तर पहिले दोन सोमवार हातचे गेले. आणि हिंदी मजकुराचं मराठी भाषांतर करून राखीनंतर बंद केली, तर मराठी घरांत अजून निम्मा श्रावण शिल्लक असतो.

अवांतर: इंदूरच्या मराठी घरांपर्यंत पोहोचायला वेगळी मेटा मोहीम करण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. फोनची भाषा इंग्रजी, पाहण्यातलं निम्मं हिंदी. 'मराठी भाषा' हे टार्गेटिंग लावलं की संख्या एवढी आकसते की जाहिरात धड चालत नाही. त्यापेक्षा सानंद या इथल्या मराठी संस्थेची नाटकं, जत्रेतले स्टॉल, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिका. तिथे माणसं एकगठ्ठा भेटतात.

सियागंज_सकाळ

@तिथीवार +१. आता ऑफलाइनबद्दल. लोक पॅम्फ्लेटला नावं ठेवतात, पण मोजून वाटलं तर ते अजूनही स्वस्त पडतं.

कागद: १८ × २३ इंची शीटमधून आठ तुकडे पडतात, प्रत्येक ५.७५ × ९ इंच. ए५ ची रुंदी ५.८३ इंच. म्हणजे ए५ मध्ये डिझाइन केलंत तर ते या शीटवर बसतच नाही. छापणारा एकतर थोडं आक्रसवतो (मग फोन नंबर काठाला चिकटतो) किंवा मोठी शीट घेऊन जास्त पैसे लावतो. तयार आकार ५.५ × ८.५ इंच धरा, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई). ४,००० प्रतींना ५०० शीट, म्हणजे बरोबर एक रीम, वर वेस्टेज. फाइल करण्याआधी प्रेसवाल्याला शीटचा आकार विचारा, एवढा एक फोन केला की निम्मे वाद मिटतात.

वाटप: चार हजार एकदम गावभर उधळू नका. चार भाग करा, समजा राजेंद्र नगर, सुदामा नगर, तिलक नगर, विजय नगर. प्रत्येकी हजार, आणि प्रत्येकावर वेगळा सवलत कोड. 'दाखवा आणि ५० रुपये वाचवा' असं लिहिलं तर लोक कागद आणतात, 'कॉल करा' लिहिलं तर मोजणीच होत नाही. पेपरात घालायला देताना गठ्ठे आदल्या संध्याकाळी पोचवा आणि सकाळी त्या वस्तीतल्या चार-पाच घरी विचारून खात्री करा. मोजणी कमी येण्याचं सगळ्यांत सामान्य कारण म्हणजे गठ्ठा उघडलाच गेलेला नसतो.

रेडिओ: रेडिओ मिरची देशात पहिल्यांदा इंदुरातच सुरू झाली, ऑक्टोबर २००१ मध्ये, तेव्हा इथल्या दुकानदारांना एफएम नवीन नाही. दर १० सेकंदांच्या हिशेबाने असतो. २० सेकंदांत हिंदीचे ४५-५० शब्द बसतात. त्यात पत्ता, फोन, वेबसाइट, ऑफर सगळं कोंबलं तर काहीच लक्षात राहत नाही. दुकानाचं नाव तीनदा, खूण एकदा, फोन नंबर बिलकुल नको. गाडी चालवणारा माणूस नंबर लिहून घेत नसतो. बिल चुकतं करण्याआधी प्रसारणाचा लॉग मागा, कुठला स्पॉट किती वाजता वाजला ते त्यात असतं.

नवीन_सदस्य_७

आणि रिक्षाच्या मागे क्यूआर?

सियागंज_सकाळ

नको. क्यूआर वाचायला अंतराच्या साधारण दहावा भाग एवढी रुंदी लागते. दोन मीटरवरून वाचायचा तर २० सेंटिमीटर, काउंटरवर ३० सेंटिमीटरवरून तर ३. हलत्या रिक्षामागे स्कूटरवरून कोण फोन काढणार? तिथे नाव आणि खूण टाका. चहूबाजूंनी चार चौकोन एवढी कोरी जागा सोडा, गडद नक्षी फिकट जमिनीवर. उलट रंग काही फोन वाचत नाहीत. मध्ये लोगो घालायचा तर एरर करेक्शन 'एच' पातळीवर न्या, त्यात ३० टक्क्यांपर्यंत नुकसान चालतं, पण नक्षी दाट होते. आणि 'डायनॅमिक' क्यूआर फुकटच्या साइटवरून घेऊन पाच हजार डब्यांवर छापू नका. ट्रायल संपली की तो मरतो. स्वतःच्या डोमेनवर एक छोटी लिंक करा, तिचा साधा क्यूआर छापा, आणि लिंक पुढे कुठे न्यायची ते आपल्या हातात ठेवा.

अक्षरजुळवणी

देवनागरीवर कोणी बोललं नाही म्हणून मी.

फॉन्ट: मुक्ता, हिंद, बलू, नोटो सान्स देवनागरी. चारही मुक्त परवान्याचे, व्यापारी कामाला फुकट. आपल्याकडे फ्लेक्सवाले अजून कृतिदेववर आहेत. त्याच्या पोटात रोमन अक्षरंच असतात, वर फक्त देवनागरी मुखवटा. म्हणून ते वेबसाइटवर चिकटवलं की कचरा दिसतो आणि गूगलला शोधता येत नाही. कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यानंतर ऱ्हस्व इकार, रफार आणि 'ऱ्य' हे तीन डोळ्यांनी तपासा. चूक ठरलेल्या जागीच निघते.

फोटोशॉपमध्ये मजकुराची सेटिंग 'वर्ल्ड-रेडी' नसेल तर जोडाक्षरं फुटतात, इकार भलत्या अक्षरावर बसतो. प्रेसला फाइल देताना मजकूर कर्व्हमध्ये (अक्षरांच्या नुसत्या आकारांत) बदलून द्या, पण बदलण्याआधीची फाइल जपून ठेवा, नाहीतर शेवटच्या दिवशी दर बदलता येणार नाही. काळा मजकूर फक्त के १०० मध्ये (नुसती काळी शाई). चार रंगांचा काळा केला की छपाईत थोडंसं सरकलं तरी अक्षरांना भुतं दिसतात.

मराठी आणि हिंदी 'ल' व 'श' यांची वळणं वेगळी आहेत हे इंदुरात विशेष जाणवतं. मजकुराला भाषा 'मराठी' लावली की काही फॉन्ट आपोआप मराठी वळण देतात, भाषा 'हिंदी' राहिली तर हिंदीच. टिरो देवनागरीचे तर हिंदी, मराठी, संस्कृत असे तीन वेगळे फॉन्टच आहेत. वाचायला अडत नाही कोणाचं, पण मराठी लग्नपत्रिकेवर हिंदी 'ल' बघून आजी नाक मुरडतात हे खरं.

रील उभ्या १०८० × १९२० मध्ये. जाहिरात म्हणून चालवणार असाल तर वरचे १४ टक्के आणि खालचे ३५ टक्के मजकुरापासून मोकळे ठेवा, तिथे ॲपची बटणं येतात. सबटायटलच्या दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त हवं. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

आणि भाषांतर! हिंदी कॉपी हाती आली की या शब्दांवर थांबा: शिक्षा, राग, चेष्टा, संसार, खाली. 'उत्तम शिक्षा' हे क्लासचं वाक्य मराठीत छापून आलं तर पालक मुलाला घेऊन परत जातील.

नियमावली

एसएमएस आणि व्हॉट्सॲप, थोडक्यात नाही पण जमेल तितकं नेमकं.

एसएमएस: ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांखाली डीएलटीवर (व्यापारी मेसेजांची नोंदणी व्यवस्था) कंपनीची नोंदणी, मग हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), मग टेम्पलेट (मजकुराचा साचा). टेम्पलेटमधल्या बदलत्या जागेला अक्षरांची मर्यादा असते. लिंक आधी व्हाइटलिस्ट केलेली नसेल तर मेसेज अडतो, ऑक्टोबर २०२४ पासून. जाहिरातीचे मेसेज सकाळी १० ते रात्री ९. देवनागरीत एका मेसेजात ७० खुणा, इंग्रजीत १६०. ७० च्या वर गेलात की तुकडे ६७ चे, म्हणजे ७१ ला दोन मेसेजांचे पैसे आणि १३५ ला तीन. मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'लक्ष्मीपूजन' डोळ्याला पाच अक्षरं, यंत्राला अकरा. त्यामुळे जोडाक्षरी शब्द टाळले तर खरोखर पैसे वाचतात.

व्हॉट्सॲप बिझनेस ॲप: ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. 'पाठवले २५६, पोचले ९०' याचं कारण बहुतेक हेच. बिलासोबत "नंबर सेव्ह करा, ऑर्डरची माहिती इथेच येईल" अशी चिठ्ठी द्या. मोठ्या संख्येसाठी एपीआय (सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची सोय). तिथे १ जुलै २०२५ पासून प्रत्येक मेसेजचे पैसे, मार्केटिंग प्रकार महाग. गिऱ्हाइकाने आधी लिहिलं तर २४ तास तुमची उत्तरं फुकट, आणि 'क्लिक टू व्हॉट्सॲप' जाहिरातीतून तो आला असेल आणि तुम्ही २४ तासांत उत्तर दिलंत, तर ७२ तास. म्हणून ती जाहिरात रात्री दोनला चालवू नका, उत्तर द्यायला माणूस जागा असेल तेव्हाच चालवा. विकत घेतलेल्या याद्यांवर मेसेज टाकले तर लोक ब्लॉक करतात आणि नंबर जातो. त्याच नंबरवर दहा वर्षांची गिऱ्हाइकं असतात हे विसरू नये.

इन्फ्लुएन्सर: ॲस्की या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे 'जाहिरात' हे लेबल १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान ३ सेकंद, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकतृतीयांश वेळ दिसलं पाहिजे. पैसे न देता नुसता मालाचा डबा पाठवला तरी सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो जाहिरातदारालाही लागतो, फक्त रील करणाऱ्याला नाही.

खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे जाहिरात-दाव्यांचे नियम आहेत. 'नॅचरल', 'फ्रेश', 'प्युअर', 'ट्रॅडिशनल', 'ओरिजिनल' हे शब्द वाटेल तसे वापरता येत नाहीत. ब्रँडच्या नावातच असा शब्द असेल तर 'हे फक्त ब्रँडचं नाव आहे' या अर्थाची ठरलेली सूचना किमान ३ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत द्यावी लागते. क्लिनिकवाल्यांनी १९५४ चा औषधी व जादुई उपाय कायदा वाचावा, मधुमेह बरा करतो असं छापणं हा गुन्हा आहे.

भिंती-खांबांबद्दल: मध्य प्रदेश संपत्ती विरूपण निवारण अधिनियम, १९९४. त्यात हे स्वच्छतेचं मानांकन २०१७ पासून मिरवणारं गाव. खांबावरचा पोस्टर टिकतच नाही, आणि त्यावर छापलेल्या फोन नंबरावरूनच चलनवाला तुम्हाला शोधतो.

रामबागकर

@नियमावली, २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (वेबसाइटवर गिऱ्हाइकाला फसवायच्या क्लृप्त्या) मार्गदर्शक सूचनाही जोडा. 'फक्त २ शिल्लक' असं खोटं लिहिणं, कार्टमध्ये गुपचूप दान टाकणं, असे १३ प्रकार आहेत. वेबसाइटची थीम विकत घेतली की त्यातला उलटा घड्याळवाला प्लगइन आधी बंद करा.

पाटी_पेन्सिल

दोन जाहिरातींची तुलना करणाऱ्यांसाठी एक सूत्र, कागदावर करता येतं. प्रत्येक बाजूला लागणारी माणसं = १६ × प × (१ − प) भागिले फरकाचा वर्ग. प म्हणजे सरासरी दर. २ टक्क्यांवरून ३ टक्के होतं का हे बघायचं तर प = ०.०२५, फरक = ०.०१. उत्तर ३,९००. म्हणजे दोन्ही मिळून ७,८०० क्लिक. ५ रुपयांनी ३९,००० रुपये. ३०० क्लिकांवर 'लाल बटण जिंकलं' असं जाहीर करणाऱ्यांनी हे एकदा मांडून बघावं. छोट्या बजेटवाल्यांनी बटणाचा रंग तपासूच नये. किंमत, डब्याचा आकार, मोफत डिलिव्हरी अशा ढोबळ गोष्टी तपासाव्यात, कारण फरक दुप्पट झाला की लागणारी माणसं सुमारे चौथाईवर येतात.

नवीन_सदस्य_७

सगळ्यांचे आभार. डबा १,५०० चा करतोय. 'दिवाळी फराळ' देवनागरीत किती खुणा? मी सात मोजल्या, मोकळी जागा धरून.

नियमावली

अकरा. द, इकार, व, काना, ळ, वेलांटी झाले सहा. मोकळी जागा एक. फ, र, काना, ळ चार. ७० मधून उरल्या ५९. दुकानाचं नाव आणि लिंक त्यात बसवा, आणि डीएलटीला टेम्पलेट आजच टाका. धनत्रयोदशीच्या आठवड्यात मंजुरीची रांग लागते.